पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या कुठे? होमस्टेवाल्यांसाठी पार्किंगचे नियम, टेप घेण्यापासून चेक-आउटपर्यंत

घर भाड्याने द्यायचं ठरलं की आपण गाद्या बघतो, एसी बघतो, गीझर, वायफाय, सकाळचे पोहे, रात्रीची मच्छी सगळं बघतो आणि पार्किंगचं मात्र "अंगण आहे की, लावतील कुठेतरी" म्हणून सोडून देतो. आम्ही पण तेच केलं होतं. आमचं घर नागावला, अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरून आत वाडीत, नारळ-सुपारीची झाडं, मागे विहीर, पुढे अंगण, आणि घरापर्यंत येणारी गल्ली दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जेमतेम नऊ फुटांची. या नऊ फुटांतच सगळी गोष्ट आहे. तुमचं घर दिवेआगरला असो, आंजर्ल्याला असो नाहीतर तारकर्लीला, कोकणातल्या वाडीत थोड्याफार फरकाने हेच असतं, म्हणून आम्ही काय काय बदललं ते सगळं पहिल्यापासून लिहिते.

आधी एक रात्र सांगते, म्हणजे मी एवढी हट्टाला का पेटलेय ते कळेल. डिसेंबरचा वीकेंड होता, घर फुल, अंगणात दोन गाड्या आणि तिसरी मोठी एसयूव्ही पाहुण्यांनी गल्लीत गडग्याला चिकटवून लावलेली, मी म्हटलं रात्रभराचाच प्रश्न आहे, राहू दे. रात्री दोनच्या सुमाराला शेजारचा मुलगा आमचं गेट बडवायला लागला, काकूंच्या छातीत दुखत होतं, त्याने मिनीडोरवाल्याला (मिनीडोर म्हणजे इकडची मोठी तीनचाकी रिक्षा) उठवून आणलेलं आणि मिनीडोर गल्लीच्या तोंडाशी अडकलेली. गाडीचा मालक वरच्या खोलीत झोपलेला, फोन सायलेंटवर, दार वाजवून वाजवून उठला तर चावी कुठल्या पँटच्या खिशात ते आठवेना. तोपर्यंत कोणीतरी गाडीला हात लावला, तिचा अलार्म वाजायला लागला, आणि त्या आवाजात चार जणांनी काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, एकाने मोबाइलचा टॉर्च धरून, गाडी आणि गडगा यांच्यातल्या फटीतून आडवं आडवं होत रस्त्यापर्यंत नेलं. काकूंची एक चप्पल तिथेच पडली होती, ती मी सकाळी उचलली. काकू बऱ्या झाल्या, चार दिवसांनी घरी आल्या, मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्यानंतर आमच्या गल्लीत पाहुण्यांची एकही गाडी रात्री उभी राहिलेली नाही.

तर आता कामाला लागूया.

सगळ्यात आधी टेप घ्या

नजरेने मोजू नका. "चार गाड्या आरामात बसतात" असं आपल्याला वाटतं कारण आपण आपल्या अल्टोच्या हिशोबाने बघत असतो. अल्टो साडेतीन मीटर लांब, इनोव्हा क्रिस्टा पावणेपाच मीटरला टेकते, रुंदीला सहा फूट आणि आरसे उघडे असतील तर अजून जास्त. एका गाडीला २.५ बाय ५ मीटर, म्हणजे साधारण सव्वाआठ बाय साडेसोळा फुटांचा चौकोन धरायचा, त्यात दार उघडून माणूस उतरू शकतो. मैदान आखायला जी फक्की वापरतात ती आणा आणि अंगणात खरोखर चौकोन आखा. आम्ही आखले तेव्हा चारच्या तीन झाल्या, आणि तिसरीसाठी तुळशीवृंदावनाशेजारच्या कुंड्या हलवाव्या लागल्या.

मग गावातल्या एखाद्या ड्रायव्हरला त्याची इनोव्हा घेऊन बोलवा, चहा पाजा, आणि गल्लीतून आत घेऊन, लावून, परत बाहेर काढून दाखवायला सांगा. हे नक्की करा, कारण जागा असणं आणि त्या जागेत गाडी वळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचं गेट दहा फुटांचं, तरी नऊ फुटांच्या गल्लीतून काटकोनात आत वळताना मोठ्या गाडीची मागची बाजू गेटच्या खांबाला घासायची. दोन गाड्यांना ओरखडे आले तेव्हा आम्ही गेट मोठं करायला निघालो होतो, गवंड्याने सांगितलं ताई गेट नको, कंपाउंडचा कोपरा तीन फूट तिरका छाटा. छाटला, आणि प्रश्न मिटला, खर्चही गेट बदलण्यापेक्षा कितीतरी कमी आला.

वर पण बघा. सतरा सीटर टेंपो ट्रॅव्हलर सहा-सात मीटर लांब असते आणि टपावर कॅरिअर, त्यावर बॅगा म्हटलं की उंची दहा फुटांच्या आसपास जाते. आंब्याची खाली आलेली फांदी आणि विजेच्या खांबावरून घरात येणारी झोळ पडलेली सर्व्हिस वायर, या दोन गोष्टी तपासा. वायर खाली आली असेल तर महावितरणच्या वायरमनला सांगून ताणून घ्या, स्वतः बांबूने वर करायला जाऊ नका. आमच्याकडे ट्रॅव्हलर आत येतच नाही, ती बाहेर रस्त्यालगत एका ओळखीच्यांच्या मोकळ्या प्लॉटवर लावतो, त्यांना गाडीमागे पैसे देतो, आणि हे पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच सांगतो.

जमिनीखाली आणि झाडावर काय आहे

हे लोक विसरतात. अंगणात सेप्टिक टँक आहे का, चेंबरची झाकणं कुठे आहेत, ते तुम्हाला माहिती आहे, पाहुण्याला नाही. इनोव्हासारखी गाडी सात माणसं भरून दोन टनांच्या वर जाते आणि आपली चेंबरची झाकणं माणसाच्या वजनाची. आमच्याकडे एका गाडीचं मागचं चाक चेंबरचं झाकण फोडून आत गेलं, रविवारी सकाळी, त्या लोकांना पुण्याला जायचं होतं, गावातली सहा पोरं बोलावून बाहेर काढली आणि दुरुस्तीचे पैसे अर्थातच आम्ही दिले कारण चूक आमची होती, तिथे खूण नव्हती. आता प्रत्येक झाकणाभोवती पिवळा रंग आहे आणि टँकवर जाडजूड कुंड्या ठेवल्यात ज्या कोणी सहज हलवणार नाही. विहिरीला कठडा नसेल तर तिच्या आसपास गाडी फिरवायचं तर नावच नको, पाहुणे येण्याआधी कठडा बांधा.

नारळाच्या झाडाखाली गाडी नाही. याला अपवाद नाही. नारळ कुठल्या क्षणी पडेल ते झाडालाच माहिती, आणि चाळीस-पन्नास फुटांवरून पडलेला नारळ बॉनेटला किंवा काचेला काय करतो ते एकदा बघितलं की परत कोणी सावली शोधत नाही. मुंबईकडचे पाहुणे नेमके सावली बघून झाडाखालीच लावतात, त्यांना दोष नाही, उन्हात गाडी तापते हे त्यांना कळतं, नारळाचं कळत नाही. अंगणात ज्या झाडांची कक्षा पार्किंगवर येते त्यांचे नारळ वेळच्या वेळी उतरवून घ्या आणि सुकलेल्या झावळ्या काढून टाका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतली बरीच झाडं आडवी झाली, त्यातला एक नारळ बरोबर त्या जागी पडला जिथे आम्ही पाहुण्यांना गाडी लावायला सांगायचो. लॉकडाउन होता म्हणून अंगण रिकामं होतं. तेव्हापासून त्या पट्ट्यात फक्त सायकली.

सुक्या पातेऱ्यावरही गाडी लावू देऊ नका. चार-पाच तास चालून आलेल्या गाडीचा सायलेन्सर आणि त्याच्या आसपासचे भाग प्रचंड गरम असतात, खाली सुपारीची वाळलेली पानं आणि झावळ्यांचा कचरा असेल तर पेटू शकतो. पार्किंगचा भाग रोज झाडायचा, एवढंच.

पावसाळ्यासाठी जमीन तयार करताना एक माझं स्पष्ट मत आहे, अख्खं अंगण काँक्रीट करू नका. पाणी मुरलं नाही तर विहिरीला काय मिळणार आणि सुपारीच्या मुळांना काय मिळणार. आम्ही फक्त चाकांच्या खाली येतील असे दोन-दोन फुटांचे चिऱ्याचे पट्टे बसवले आणि मध्ये खडी टाकली. गाड्या रुतत नाहीत आणि पाणीही जिरतं. तरीही एखादी गाडी पट्ट्यावरून उतरून चिखलात गेलीच तर अॅक्सिलरेटर दाबत बसायचं नाही, चाक गरगर फिरलं की अजून खोल जातं, चाकापुढे गोणपाट किंवा झावळीचे तुकडे घालायचे आणि हळू बाहेर काढायची. एक जाड दोर आणि दोन फळ्या शेडमध्ये कायम ठेवा.

शेजाऱ्यांशी बोला, आणि पाहुणे यायच्या आधी बोला

गल्ली आपली नाही. ती सगळ्यांची आहे, आणि पाहुण्यांच्या भाड्याचे पैसे फक्त आपल्याला मिळतात, शेजाऱ्याला मिळतो तो त्रास. म्हणून मी स्वतः चारही घरी गेले आणि विचारलं की तुमच्याकडे किती वाजता काय येतं. एकाकडे सकाळी सातला शाळेची मिनीडोर, एकाकडे सुपारी न्यायला टेंपो, मच्छीवाली नऊला, तिची टोपली डोक्यावर असते आणि तिला गाड्यांमधून वळावं लागतं. हे सगळं लिहून काढलं आणि त्यावरून नियम केला की गल्लीत गाडी फक्त सामान उतरवण्यापुरती, दहा मिनिटं, ड्रायव्हर सीटवर. शेजाऱ्यांना माझा नंबर दिला आणि सांगितलं की पाहुण्याशी भांडू नका, मला फोन करा, रात्री तीनला केलात तरी मी उचलीन. पाहुणा दोन दिवसांचा असतो, त्याच्याशी वाद घालून शेजाऱ्याचा दिवस खराब आणि पाहुण्याचीही सुट्टी खराब.

कोणी "रस्ता काय तुमचा आहे का" म्हटलंच तर कायदा पण माहिती असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशी गाडी उभी करता येत नाही, आणि कलम १२७ खाली अशी गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. मला आजवर हे कोणाला ऐकवायची वेळ क्वचितच आली, काकूंच्या खुर्चीची गोष्ट सांगितली की माणसं स्वतःहून गाडी काढतात.

गावातले सण लक्षात ठेवा. शिमग्याला पालखी गल्लीतून येते तेव्हा गल्लीत सायकलसुद्धा नको. दत्तजयंतीला चौल-भोवाळ्याची जत्रा असते, ती पाच दिवस चालते, तेव्हा रेवदंड्याकडचा सगळा रस्ता भरलेला असतो, त्या दिवसांतल्या पाहुण्यांना आधीच सांगते की एकदा गाडी लावलीत की शक्यतो रिक्षाने फिरा.

बुकिंगच्या फोनवरच विचारायचे प्रश्न

किती माणसं हे सगळे विचारतात. किती गाड्या, कुठल्या गाड्या, कुठून येणार आणि ड्रायव्हर आहे का, हे चार प्रश्न त्याच फोनवर विचारा. बारा माणसं म्हणजे दोन गाड्या असं गृहीत धरलंत तर फसाल, कारण दादा पुण्याहून खोपोली-पेणकडून येतो, ताई ठाण्याहून वडखळमार्गे, आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, यायला लागल्यामुळे दक्षिण मुंबईचे मित्रही आता स्वतःची गाडी घेऊन येतात, म्हणजे बारा माणसांच्या चार गाड्या. जागा तीनची असेल तर तीनच सांगा. चौथी असेल तर बाहेरच्या प्लॉटवर, घरापासून किती मिनिटं चालावं लागेल, पैसे लागतील का, रात्री तिथे लाइट आहे का, सगळं खरं खरं सांगा. एखादं बुकिंग जाईल, जाऊ दे. गाडी लावायला जागा नाही म्हणून गेटवर रात्री अकराला भांडणारा पाहुणा त्या भाड्याला परवडत नाही.

जाहिरातीत "भरपूर पार्किंग" असं लिहू नका, त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. आकडा लिहा आणि फोटो टाका, गल्लीच्या तोंडाचा एक, गेटचा एक, आणि अंगणात तीन गाड्या उभ्या असतानाचा एक. गल्ली अरुंद आहे हे लपवू नका, फोटोत स्वच्छ दिसू दे.

मी बुकिंग पक्कं झालं की व्हॉट्सअॅपवर हा मेसेज पाठवते, हवा असेल तर असाच उचला:

"नमस्कार, तुमच्या ३ गाड्यांची जागा अंगणात राखून ठेवली आहे. मॅप कधीकधी मागच्या पाखाडीकडे नेतो, तिथून गाडी येत नाही आणि वळवताही येत नाही, त्यामुळे सोबत पाठवलेला पिनच वापरा. वडखळकडून येत असाल तर कार्लेखिंडीत आणि रो-रोने येत असाल तर मांडव्याला उतरल्यावर एक फोन करा, आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे राहतो. गल्ली ९ फुटांची आहे, सावकाश या, हॉर्न नको, शेजारी लहान बाळ आणि वयस्कर माणसं आहेत. गल्लीत गाडी उभी करता येणार नाही, रात्री तर अजिबात नाही. कोणी पाहुणे तुम्हाला भेटायला गाडीने येणार असतील तर आधी कळवा, त्यांची गाडी बाहेरच्या प्लॉटवर लावू. नारळाखाली आणि पिवळ्या रंगाच्या खुणांवर गाडी लावू नका. काही अडलं तर कधीही फोन करा."

मेसेज लांब वाटतो पण लोक वाचतात, कारण प्रत्येक वाक्यात त्यांच्या कामाचं काहीतरी आहे. आणि फोन आल्यावर खरंच गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. रात्रीच्या वेळी अनोळखी वाडीत शिरणाऱ्या माणसाला हातात टॉर्च घेऊन कोणीतरी उभं दिसलं की त्याचा अर्धा थकवा तिथेच जातो.

गाडी आत आल्यावर

गाडी रिव्हर्सने लावून घ्यायची, म्हणजे निघताना तोंड बाहेर. दिवसाउजेडी, कोणीतरी मागे उभं राहून रिव्हर्स करणं वेगळं आणि सकाळी साडेपाचला अंधारात गल्लीत रिव्हर्सने बाहेर पडणं वेगळं. मी किंवा हे, दोघांपैकी एक जण मागे उभे राहतोच, आणि अंगणात खेळणारी पोरं आधी ओट्यावर घ्यायची मग गाडी हलवायची. गाडी आपण चालवायची नाही. पाहुणा दमलेला असतो, म्हणतो "तुम्हीच लावा ना", नाही म्हणायचं. एक तर घासली तर जबाबदारी आपली, आणि दुसरं म्हणजे दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या केसमध्ये २०१९ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की हॉटेलच्या माणसाने चावी घेऊन गाडी ताब्यात घेतली की "मालकाच्या जबाबदारीवर" असं छापून हॉटेलला अंग काढून घेता येत नाही. १९९८ मध्ये चोरीला गेलेली मारुती झेन होती ती. आपण हॉटेल नाही, पण यातून घ्यायचं ते घ्या, नुसता बोर्ड लावून काही होत नाही, गाडीची काळजी खरोखर घ्यावी लागते.

मग रात्री चावीचं काय? एकामागे एक गाड्या लागत असतील तर चावी हाताशी हवीच. आमच्याकडे हॉलमध्ये दरवाज्याशेजारी तीन खिळ्यांची लाकडी पट्टी आहे, जागा १, २, ३ असे नंबर, पाहुणे स्वतः चावी अडकवतात, चावी त्यांच्याच घरात त्यांच्याच नजरेसमोर राहते, माझ्याकडे येत नाही. पण रात्री काही झालं तर कोणाची चावी कुठल्या पँटमध्ये हे शोधावं लागत नाही. पहिल्यांदा काही जण कुरकुरतात, कारण सांगितलं की अडकवतात. चावी द्यायची नसेल तर निदान मागच्या गाडीच्या मालकाने फोन रिंगवर ठेवायचा आणि खोली नंबर माझ्याकडे लिहून द्यायचा.

लाइट सेन्सरवाला लावा, म्हणजे माणूस आला की लागेल, रात्रभर शेजाऱ्यांच्या खिडकीत उजेड नको. कॅमेरा लावलात तर तो फक्त गाड्यांवर आणि गेटवर, खोल्यांकडे किंवा ओट्यावर बसणाऱ्यांकडे अजिबात नाही, आणि कॅमेरा आहे हे पाहुण्याला सांगा.

बाइकवाले आले तर वेगळी तयारी लागते. मऊ जमिनीत साइड स्टँड रुततो आणि बाइक पहाटे आडवी झालेली सापडते, म्हणून फरशीचे दहा-बारा तुकडे गेटजवळ रचून ठेवलेत, प्रत्येकाने स्टँडखाली एक घ्यायचा. बुलेटवाल्यांना एवढीच विनंती की पहाटे निघताना गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत न्या आणि तिथे सुरू करा, शंभर-दीडशे फूट आहे फक्त, आणि ते करतातही.

ड्रायव्हर कुठे झोपणार

हा पार्किंगचाच भाग आहे, कारण आपण सोय केली नाही तर ड्रायव्हर गाडीतच झोपतो. डास चावतात म्हणून काचा बंद, उकडतं म्हणून इंजिन चालू ठेवून एसी. बंद शेडमध्ये किंवा भिंतीला लागून उभ्या गाडीत असं झोपणं जिवावर बेतू शकतं, इंजिनातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. आमच्याकडे पडवीला लागून छोटी खोली आहे, पंखा, मच्छरदाणी, स्वच्छ संडास-बाथरूम, आणि जेवण पाहुण्यांसारखंच. याचे वेगळे पैसे मी घेत नाही. पाच तास गाडी चालवून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी याच लोकांना घाटातून परत नेणार असतो, त्याची झोप झालेली असली पाहिजे.

इलेक्ट्रिक गाडी आली तर

आता आठवड्याला एखादी येतेच. छोट्या बॅटरीची गाडी म्हणजे ३० युनिटच्या आसपास, आपल्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर रिकामीची पूर्ण भरायला नऊ-दहा तास लागतात, म्हणजे गीझरसारखा लोड पण रात्रभर सलग. त्यामुळे इलेक्ट्रिशियनकडून पार्किंगजवळ वेगळ्या वायरने, वेगळ्या एमसीबीने (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचने), चांगल्या अर्थिंगचा पॉइंट काढून घ्या आणि पावसापासून झाका. एक्स्टेंशन बोर्ड नाही म्हणजे नाही. एकदा एका पाहुण्याने मला न सांगता किचनमधून बोर्ड ओढून गाडी लावली, सकाळी बोर्ड एका बाजूने वितळून पिवळा पडला होता, लाकडी दरवाज्याला टेकलेला. पैसे घ्यायचे तर सबमीटर लावा आणि युनिटप्रमाणे घ्या, ठोक रक्कम सांगितली की कोणाला तरी जास्त वाटतेच.

बीचवर गाडी नाही

आपल्या अंगणाबाहेरचं असलं तरी हे सांगणं आपलं काम आहे. नागावची वाळू ओहोटीला इतकी कडक आणि रुंद दिसते की कोणालाही गाडी घालायचा मोह होतो. यातली खोच बघा, अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती साधारण दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास असते, म्हणजे संध्याकाळी सहाला, सूर्यास्ताच्या वेळी, पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. पाहुणा गाडी वाळूवर लावतो, फोटो काढतो, भेळ खातो, आणि आठ-नऊपर्यंत पाणी मागून यायला लागतं, ओली वाळू चाकाखाली सरकते आणि गाडी बसते. मग ट्रॅक्टर शोधा. पाणी इंजिनात गेलं तर साध्या विम्यात बहुतेक वेळा भरपाई मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलेलं लागतं.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब मी पाहुण्यांच्या मुलांना शिकवते, त्यांना फार आवडतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यात थोडं मागेपुढे होतं पण अंदाज बरोबर येतो, म्हणून ओट्यावर कॅलेंडर टांगलंय आणि खाली खडूने आजची भरती लिहिते. गाडी घरीच ठेवून चालत जा, हे सांगण्यापेक्षा तो खडूचा आकडा जास्त काम करतो. काही गावांत ग्रामपंचायत गाडीची पावती फाडते, ती घ्या आणि जपून ठेवा हेही सांगा, नाहीतर आपल्यालाच विचारतात की हे कसले पैसे.

निघायच्या आदल्या रात्री

जेवणं झाली की विचारून घ्यायचं, उद्या कोण किती वाजता निघणार. रो-रोचं बुकिंग असलेल्यांची गाडी रात्रीच सगळ्यात बाहेरच्या जागेवर घ्यायची, कारण बोट कोणासाठी थांबत नाही आणि मांडव्याला वेळेआधी पोहोचावं लागतं. जे दुपारी निघणार त्यांची आत. हे रात्री दहाला दहा मिनिटांत होतं, सकाळी सहाला त्यालाच अर्धा तास लागतो आणि वर सगळ्यांची झोपमोड.

सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायला आणि खाली वाकून बघायला सांगा. थंडीत आमच्या मांजरी गरम इंजिनाजवळ जाऊन बसतात, आणि गेल्या वर्षीच एका गाडीच्या चाकामागे कुत्रीने तीन पिल्लं आणून ठेवली होती, त्या लोकांनी तासभर उशिरा निघायचं कबूल केलं, आम्ही गोणपाटावर पिल्लं उचलून पडवीत नेली. मागच्या बाजूला नळाला लांब पाइप लावून ठेवलाय, समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने आणि वाळूने गाडीचा खालचा भाग गंजतो, ज्यांना वेळ असेल त्यांनी चाकं आणि खालची बाजू गोड्या पाण्याने मारून घ्यायची. मग एक जण गेटवर, एक जण गल्लीच्या तोंडाशी, समोरून शाळेची मिनीडोर येत नाही ना बघायचं, आणि हात दाखवायचा.